वजा जाण्याआधीचा आकडा

बारामती-इंदापूरकडच्या कुठल्याही गावात गळीत हंगामात चहाच्या टपरीवर बसलात, तर उसाच्या दराची चर्चा कानावर पडल्याशिवाय राहत नाही. माळेगावने किती दिला, सोमेश्वरने किती जाहीर केला, भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचे काय चालले आहे. या चर्चेत आकडे नेहमी दोन असतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरवली, हा एक आकडा. तोडणी-वाहतूक वजा जाऊन खात्यात पडते ती रक्कम, हा दुसरा. चौथी शिकलेला शेतकरीसुद्धा हे दोन आकडे वेगळे ठेवतो, त्यांतला फरक कुणी नि कशापायी कापला ते तोंडपाठ सांगतो आणि तोडणी-वाहतुकीचा आकडा शेजारच्या कारखान्यापेक्षा जास्त निघाला तर सर्वसाधारण सभेत उभा राहून जाब विचारतो.

त्याच घरातली मुलगी माडीवरच्या खोलीत बसून परदेशातल्या एखाद्या कंपनीसाठी वेबसाइट बांधते, किंवा मुलगा एमआयडीसीतली शिफ्ट संपवून रात्री कॅडवर ड्रॉइंग काढतो. काम ऑनलाइन मंचावरून मिळते, पैसे डॉलरमध्ये जमतात आणि काही दिवसांनी रुपये होऊन बँकेत येतात. वर्षाला किती कमावलेस, असे या मुलांना विचारले की ती फोन काढून बँकेचे स्टेटमेंट दाखवतात. बापाला उसाच्या बाबतीत जी चूक कधी होत नाही, ती मुलगा डॉलरच्या बाबतीत दर महिन्याला करतो: वजा जाऊन उरले तेच आपले उत्पन्न, असे धरून चालतो. ही पुस्तिका त्या एका समजुतीभोवती लिहिलेली आहे. बाकीची प्रकरणे तिची पिल्ले.

या भागात हे घडायला एक जुने कारण आहे. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. त्यामुळे पिढ्यानपिढ्या चोख हिशोब ठेवणाऱ्या घरांनाही तो आयकराच्या अंगाने कधी ठेवावा लागला नाही. कारखान्याचे बिल, दूध संघाची पावती, सोसायटीच्या कर्जाची बेरीज-वजाबाकी हे सगळे वहीत असे. पण ती वही सरकारपुढे मांडायची नसे. घरातले पहिले रिटर्न भरायची वेळ येते ती विद्या प्रतिष्ठानच्या किंवा तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाच्या आवारातून बाहेर पडलेल्या विशी-पंचविशीतल्या पोरावर. त्याला विचारायला घरात कोणी नसते. एमआयडीसीत शेड टाकून मोठ्या कारखान्यांचे जॉबवर्क करणाऱ्याकडे निदान हिशोबनीस असतो, जीएसटीची विवरणपत्रे भरणारा कुणीतरी असतो. लॅपटॉपवर धंदा करणाऱ्याला आपण धंदा करतो आहोत हेच मुळी वर्षभर उमगत नाही.

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे वळू. गणित सोपे जावे म्हणून दर मी धरून चाललो आहे. तुमचे दर तुमच्या स्टेटमेंटवर असतील.

समजा परदेशी गिऱ्हाइकाने तुमच्या कामाचे १,००० डॉलर मंचावर भरले. मंचाने आपली १० टक्के फी घेतली, १०० डॉलर. त्या फीवर १८ टक्के जीएसटी लावला, १८ डॉलर. एकूण रकमेवर ०.१ टक्का टीडीएस कापला, १ डॉलर. पैसे बँकेत पाठवण्याचा आकार आणखी १ डॉलर. उरले ८८० डॉलर. ते रुपयांत बदलताना ८३.५० चा दर मिळाला आणि तुमच्या खात्यात ७३,४८० रुपये पडले. बँकेच्या स्टेटमेंटवर दिसते ती एवढी एकच ओळ.

पण तुमची त्या कामाची ढोबळ प्राप्ती १,००० गुणिले ८३.५०, म्हणजे ८३,५०० रुपये आहे. मधले १०,०२० रुपये चार वेगवेगळ्या जातींचे आहेत आणि त्यांना चार वेगळे रकाने हवेत. ८,३५० रुपये मंचाची फी, हा खर्च. १,५०३ रुपये त्या फीवरचा जीएसटी. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर हाही खर्चच. साडेत्र्याऐंशी रुपये पाठवणावळ, खर्च. आणि उरलेले साडेत्र्याऐंशी रुपये टीडीएस. हा मात्र खर्च नव्हे. हा तुमच्याच नावावर सरकारात आधी भरून ठेवलेला कर आहे. रिटर्न भरताना तो वळता होतो, कर लागत नसेल तर परत मिळतो. फी आणि टीडीएस एकाच रकान्यात कोंबणारे अनेकजण भेटतात. त्यांना वाटते, काय ती किरकोळ रक्कम. हक्काचा परतावा सोडून देण्याइतकी किरकोळ म्हणत असाल तर ठीक. पण याच किरकोळ रकमेमुळे तुमची ढोबळ प्राप्ती आयकर विभागाला कळलेली असते, हे ध्यानात घ्या.

ते असे. २०२० च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात १९४-ओ हे कलम घातले आणि १ ऑक्टोबर २०२० पासून ते लागू झाले. ऑनलाइन मंच चालवणाऱ्याने, मंचावरून सेवा किंवा माल विकणाऱ्याचा एक टक्का कर कापून भरावा, अशी ती तरतूद. १ ऑक्टोबर २०२४ पासून दर ०.१ टक्क्यावर आला. व्यक्तीची वर्षाची रक्कम पाच लाखांच्या आत असेल आणि तिने पॅन किंवा आधार दिलेले असेल तर कपात नाही. ते दिलेले नसेल तर पाच टक्के. या कलमाची मेख अशी की कर कापला जातो तो ढोबळ रकमेवर. मंचाची फी वजा करून उरलेल्या रकमेवर नव्हे. म्हणजे मंच विभागाला कळवतो ८३,५०० च्या आसपासचा आकडा, तुम्ही रिटर्नमध्ये लिहिता ७३,४८०. नोव्हेंबर २०२१ पासून पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण, ज्याला सगळे एआयएस म्हणतात, ते उपलब्ध आहे. त्यात हा आकडा तुम्हालाही दिसतो आणि त्यांनाही. दोन आकडे जुळले नाहीत की संगणक आपणहून निरोप पाठवतो. त्यात कुणाचा राग-लोभ नसतो. पण गावात पहिल्यांदाच आयकराचा मेल आलेल्या घरात त्या दिवशी स्वयंपाक उशिरा होतो, हेही तितकेच खरे.

इथे हुशार वाचक विचारील: फी हा खर्चच आहे ना? मग ढोबळ लिहून फी वजा केली काय किंवा सरळ निव्वळ लिहिली काय, नफा तोच. खातेवही ठेवून प्रत्यक्ष नफा काढणाऱ्याच्या बाबतीत बेरीज तीच येते, मान्य. पण आपल्याकडचे बहुतेक मुक्त व्यावसायिक त्या वाटेने जातच नाहीत. ते अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत येतात. १९६१ च्या कायद्यातले ४४एडीए हे कलम म्हणते: ठरावीक व्यवसाय असेल आणि वर्षाची ढोबळ प्राप्ती ५० लाखांच्या आत असेल, तर निम्मी प्राप्ती नफा धरा, निम्मी खर्च धरा, वह्या ठेवू नका. रोखीचे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर नसेल तर ही मर्यादा ७५ लाख. मंचावरून येणारा पैसा रोखीने येऊच शकत नाही, त्यामुळे ७५ लाखच समजा. आता या योजनेत मंचाची फी कुठे गेली? ती त्या निम्म्या खर्चात आधीच धरलेली आहे. लॅपटॉप, इंटरनेट, इन्व्हर्टरची बॅटरी, फी, पाठवणावळ, सगळे त्या निम्म्यात. ज्याने निव्वळ रक्कम लिहून तिचे निम्मे केले, त्याने फी दोनदा वजा केली.

वरचे उदाहरण वर्षभर चालवून पाहा. दर महिन्याला १,००० डॉलरप्रमाणे ढोबळ प्राप्ती १०,०२,००० रुपये. बँकेत आलेले ८,८१,७६०. ढोबळचे निम्मे ५,०१,०००, निव्वळचे निम्मे ४,४०,८८०. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सवलत मिळून कर शून्य होतो, तेव्हा दोन्ही आकड्यांवर कर शून्यच. मग एवढा आटापिटा कशाला?

पहिली गोष्ट, शून्य कर म्हणजे रिटर्न नको, असा अर्थ होत नाही. नव्या प्रणालीत चार लाखांच्या वर उत्पन्न गेले की रिटर्न भरणे बंधनकारक, सवलतीने कर शून्य झाला तरी. शिवाय २०२२ मध्ये आलेल्या नियमाप्रमाणे व्यवसायाची ढोबळ प्राप्ती दहा लाखांवर गेली तरीही बंधनकारक, मग नफा कितीही असो. आपल्या उदाहरणातली व्यक्ती दहा लाखांची रेघ ओलांडून गेली आहे, आणि बँकेचे स्टेटमेंट बघून तिला ते कळणार नाही. कायद्यातल्या अशा सगळ्या रेघा ढोबळ आकड्यावर ओढलेल्या आहेत: हे दहा लाख, अनुमानित योजनेचे ७५ लाख, जीएसटीचे २० लाख. दुसरी गोष्ट कर्जाची. बारामतीत फ्लॅट घ्यायचा किंवा गाडी घ्यायची म्हटले की बँक तीन वर्षांची रिटर्न मागते. पगाराची स्लिप नसलेल्या माणसाचा दुसरा पुरावा काय? तेव्हा ज्याने वर्षानुवर्षे कमी आकडा लिहिला, त्याला आपली खरी कमाई पटवून देता येत नाही. मला स्वतःला हे कारण दंडाच्या भीतीपेक्षा मोठे वाटते; पण वर्गात सांगितले की मुले आधी दंड किती ते विचारतात.

कुठले व्यवसाय ४४एडीएत बसतात, हा प्रश्न वाटतो तितका सुटसुटीत नाही. वकिली, वैद्यक, अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट हे कायद्यातच आहेत. माहिती तंत्रज्ञान आणि सिनेकलावंत अशी काही नावे अधिसूचनेने आली. एमआयडीसीतल्या डिझाइन इंजिनिअरचे कॅडचे काम किंवा वेबसाइट, ॲप बनवणे याबद्दल सहसा वाद होत नाही. पण लेख लिहिणे, भाषांतर, लोगो काढणे, यूट्यूबवाल्यांचे व्हिडिओ कापून जोडून देणे? ही कामे यादीत सरळ दिसत नाहीत. काही सनदी लेखापाल ती धंदा समजून ४४एडीखाली घालतात, जिथे डिजिटल प्राप्तीच्या सहा टक्के नफा धरता येतो. काहींना ते धाडसाचे वाटते. बारामतीत शब्दांवर पोट भरण्याचा रिवाज मोरोपंतांपासूनचा आहे, पण पंतांच्या मागे बाबूजी नाईकांसारखा सावकार आश्रयदाता उभा होता. आजच्या कंटेंट लिहिणाऱ्याला आश्रयदाता नाही, गिऱ्हाइकाने दिलेले तारे आहेत. त्याने कुठल्या कलमात बसावे यावर या पुस्तिकेत एक प्रकरण आहे आणि त्यात दोन्ही बाजू मांडल्या आहेत. माझे मत विचाराल तर सहा टक्क्यांचा मोह टाळावा. लॅपटॉप आणि डोके एवढ्याच भांडवलावर चालणाऱ्या कामात शंभरातले चौऱ्याण्णव रुपये खर्च होतात, हे कुणाला पटवून द्यायची वेळ आली तर जीभ अडखळेल.

अनुमानित योजना सगळ्यांच्या हिताची असतेच असे नाही. इंदापुरातल्या एखाद्याने मोठे काम घेऊन ते चौघा मित्रांत वाटून दिले, मिळालेल्यातले साठ टक्के त्यांना दिले, वर मंचाची फी भरली; त्याच्या हाती निम्मे उरतच नाही. त्याने निम्मे उरल्याचे दाखवायचे म्हणजे न मिळालेल्या पैशावर कर द्यायचा. अशाने वह्या ठेवून खरा नफा दाखवावा. मात्र पन्नास टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवायचा आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, त्याचा खर्च निराळा. अशा माणसासाठी फीचा प्रत्येक डॉलर कामाचा असतो आणि त्याची पावती नसेल तर तो बुडाला. मंच दर कपातीचे बिल तुमच्या नावाने काढतात. ते खात्यात कुठेतरी खोल कोपऱ्यात ठेवलेले असते. महिन्याच्या महिन्याला उतरवून घ्यावे. खाते काही कारणाने बंद पडले, तर व्यवहारांचा इतिहासही त्याच्याबरोबर हाताबाहेर जातो, आणि मग आयकर खात्याला दाखवायला उरतात फक्त बँकेतल्या त्या एकेका ओळी.

फीचे दर पाठ करण्यात अर्थ नाही. ईलान्स आणि ओडेस्क एकत्र होऊन २०१५ मध्ये अपवर्क हे नाव आले. २०१६ मध्ये त्यांनी गिऱ्हाइकागणिक पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, पुढे १०, आणि १०,००० डॉलरच्या पुढे ५ अशी उतरंड लावली. २०२३ मध्ये सरसकट १० टक्के केले. मे २०२५ पासून नव्या करारांवर शून्य ते १५ टक्क्यांपर्यंत कितीही. फायव्हर विक्रेत्याकडून २० टक्के घेते. एकाच माणसाच्या तीन करारांवर तीन दर असू शकतात. तेव्हा वर्षाच्या शेवटी बँकेतल्या रकमेला ०.९ ने भागून ढोबळ आकडा काढण्याची जी युक्ती पोरे एकमेकांना सांगतात, ती सोडून द्या. शिवाय काही फी कुठल्याच कमाईला चिकटलेल्या नसतात. कामासाठी अर्ज करायला अपवर्कवर कनेक्ट्स विकत घ्यावे लागतात. काम मिळो न मिळो, पैसे गेले. महिन्याची वर्गणी असते ती वेगळी. या नोंदी कमाईच्या ओळीत शोधून सापडत नाहीत, त्यांना स्वतंत्र जागा द्यावी लागते.

रुपयाचा दर हे आणखी एक दुखणे. बाजारात डॉलर ८५ ला असताना मधल्या सेवेने ८३.५० दिले, तर दीड रुपया कुठल्याच बिलावर फी म्हणून दिसत नाही. तो दरातच मुरलेला असतो. ज्याने ढोबळ प्राप्ती प्रत्यक्ष मिळालेल्या ८३.५० ने काढली, त्याच्या हिशोबात तो तोटा आपोआप येऊन गेला. त्याने तो पुन्हा खर्चात दाखवू नये. ज्या दराने पैसे आले त्याच दराने ढोबळही मोजा, फीही मोजा आणि टीडीएसही मोजा, म्हणजे तिन्ही आकडे एकमेकांशी बोलतात. मंचाने टीडीएस रुपयांत नोंदवताना वेगळा दर धरला, तर एआयएसमध्ये थोडासा फरक दिसेल. त्याचे कारण एका ओळीत लिहून ठेवले की पुरे. परदेशातून पैसे आल्याची बँकेची सूचना, जिला एफआयआरए म्हणतात, ती प्रत्येक रकमेगणिक मागून घ्या. तिच्यावर दर असतो, तारीख असते आणि पैसे कशाचे आले त्याचा संकेतांक असतो. सॉफ्टवेअरच्या कामाला घरच्यांनी पाठवलेल्या पैशाचा संकेतांक पडलेला मी पाहिला आहे. तो वेळीच दुरुस्त करून घेतला नाही तर जीएसटीच्या वेळी निर्यात सिद्ध करताना घाम फुटतो.

जीएसटीबद्दल इथे थोडक्यातच. सेवांसाठी महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वीस लाखांची. परदेशी गिऱ्हाइकाला दिलेली सेवा ही निर्यात, तिच्यावर कर शून्य, पण ती रक्कम वीस लाखांच्या मोजणीत धरली जाते. निर्यातीला कर नाही म्हणून नोंदणी नको, असे समजणारे अर्धेच बरोबर असतात. नोंदणी झाल्यावर हमीपत्र देऊन कर न भरता निर्यात करता येते. परदेशी मंचाच्या फीवरचा जीएसटी तेव्हापासून तुम्ही स्वतः भरायचा नि परत मिळवायचा, अशी उलटी पद्धत सुरू होते. तिथे मात्र जाणकाराचा हात धरावाच लागेल.

या मातीतला सर्वांत गुंतागुंतीचा भाग वेगळाच आहे, आणि पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शकांत तो कधी सापडत नाही. सातबारावर नाव असलेल्या मुक्त व्यावसायिकाचे काय? अनुमानित योजनेसाठी सोपा फॉर्म म्हणजे आयटीआर-४, सुगम. पण शेतीचे उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांच्या वर असेल तर तो फॉर्म चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. एकरभर ऊस ज्याच्या नावावर आहे, त्याचे पाच हजार तर सहज ओलांडतात. शिवाय कर बसतो तो बिगरशेती उत्पन्नावरच; परंतु ते करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर दर ठरवताना शेतीचे उत्पन्न जमेत धरतात. म्हणून शेतीचा आकडा लपवणे किंवा विसरणे दोन्ही महागात जाते. फॉर्म चुकला म्हणून रिटर्न सदोष ठरते. आणि बहुतेकांना हे कळते ते सायबर कॅफेवाल्याने सुगम भरून पावती हातात दिल्यानंतर.

दुधाचे तर आणखी वेगळे. दोन म्हशी किंवा दहा जर्सी गाई ठेवून संघाला दूध घालणारे घर स्वतःला शेतकरी समजते, आणि ते आहेच. पण आयकराच्या दृष्टीने दुग्धव्यवसायाचे उत्पन्न हे शेतीचे उत्पन्न नव्हे, कुक्कुटपालनाचेही नव्हे. दूधपट्टी ज्याच्या नावाने निघते, त्याचा तो धंदा. वडिलांचे उत्पन्न मर्यादेच्या आत असते तोवर प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो दूध आणि डॉलर एकाच पॅनवर जमू लागले की. मुलाच्या नावाने दूध घातले, कारण त्याचे खाते शहरातल्या बँकेत आहे आणि पैसे लगेच दिसतात; आता त्याच्या रिटर्नमध्ये दोन धंदे आले. याच्या उलटही होते: मुलीचे खाते अजून उघडलेले नाही म्हणून मंचावर थोरल्या भावाचा पॅन टाकला. काम तिचे, उत्पन्न त्याचे, कर त्याच्या नावावर आणि तीन वर्षांनी कर्ज मागायला गेली तर तिच्या नावावर काहीच नाही. ऊसबिल, दूधपट्टी आणि डॉलर यांना निरनिराळी खाती ठेवा आणि प्रत्येकाने आपापल्या पॅनवर कमवावे. सगळ्या पुस्तिकेतून एवढेच कुणी घेतले तरी लिहिण्याचे कष्ट वसूल झाले.

नोकरी सांभाळून रात्री काम करणाऱ्यांचा एक मोठा गट एमआयडीसीत आहे. कंपनी फॉर्म १६ देते, त्यावरून आयटीआर-१ भरून मोकळे व्हायची त्यांना सवय. मंचाचा एक डॉलर जरी आला तरी आयटीआर-१ त्यांच्यासाठी संपला, कारण त्यात व्यवसायाच्या उत्पन्नाला जागाच नाही. आणखी एक बारीक गोष्ट: निव्वळ पगारदाराला जुनी की नवी करप्रणाली हे दरवर्षी निवडता येते. व्यवसायाचे उत्पन्न असले की ती मुभा जाते. एकदा नवी सोडून जुनीत गेलात की परत नवीत येण्याची संधी एकदाच. नोकरीच्या करारात बाहेरचे काम करायला मनाई आहे का, हा प्रश्न आयकराचा नाही, तो ज्याचा त्याने कंपनीशी सोडवावा.

मार्च महिन्यापाशी एक खाचखळगा आहे. गिऱ्हाइकाने मार्चमध्ये काम मंजूर केले, पैसे मंचावरच्या तुमच्या खात्यात जमा झाले आणि तुम्ही ते एप्रिलमध्ये बँकेत ओढले. हे उत्पन्न कुठल्या वर्षाचे? मार्चचे. तुमच्या हुकमावर असलेला पैसा तुमचाच झाला. तो कधी उचलला ही तुमची सोय. जो पैसा अजून एस्क्रोत, म्हणजे मंचाने राखून ठेवलेल्या रकमेत, अडकला आहे आणि गिऱ्हाइकाने मंजूर केलेला नाही, तो मात्र तुमचा झालेला नाही. म्हणून ३१ मार्चच्या रात्री मंचावरची शिल्लक टिपून ठेवायची. मंचावर जमा असलेली रक्कम परदेशी मालमत्ता म्हणून दाखवायची का, याबद्दल लेखापालांत एकमत नाही. पैसे तिथे साठवून न ठेवणे हा त्यातल्या त्यात निर्धोक उपाय. टीडीएस वजा जाऊन दहा हजार किंवा त्याहून जास्त कर निघणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. इतरांना जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखा. अनुमानित योजनेत असलेल्यांना एकच, १५ मार्च. ऊसबिलाचा हप्ता नेमका कधी येईल हे या भागात कुणी छातीठोक सांगू शकत नाही, त्यामुळे त्या भरवशावर ही तारीख सोडू नये.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. 'मागील वर्ष' आणि 'करनिर्धारण वर्ष' ही जुनी जोडी जाऊन एकच 'कर वर्ष' आले, आणि कलमांचे क्रमांक बदलले. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या कमाईला जुनाच कायदा लागू राहतो. पुस्तिकेत जुने क्रमांक ठेवले आहेत, कारण इथल्या बोलण्यात अजून तेच आहेत. नव्या क्रमांकांचा तक्ता परिशिष्टात दिला आहे.

ज्यांनी मागची दोन-तीन वर्षे बँकेतली रक्कम हेच उत्पन्न समजून रिटर्न भरले, किंवा भरलेच नाही, त्यांच्यासाठी शेवटचे प्रकरण आहे. अद्ययावत विवरणपत्र भरायची मुदत २०२५ च्या वित्त कायद्याने चोवीस महिन्यांवरून अठ्ठेचाळीस महिन्यांवर नेली. निघणाऱ्या कर-व्याजावर पहिल्या बारा महिन्यांत २५ टक्के जादा, दुसऱ्या वर्षात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७० टक्के. परतावा वाढवून मागण्यासाठी किंवा कर कमी दाखवण्यासाठी ही वाट वापरता येत नाही. विभागाकडून त्या वर्षाची चौकशी सुरू झाली असेल, तर ती सहसा बंद असते. मंचावरची जुनी स्टेटमेंटे अजून उतरवता येतात तोवर हे उरकून घ्यावे. ज्यांच्या डोक्यावर हे जुने ओझे आहे, त्यांनी पुस्तिका शेवटून वाचायला घेतली तरी चालेल.